आजीला ‘डीमन स्लेअर’ दाखवायची तर

‘डीमन स्लेअर’ म्हणजे राक्षस मारणाऱ्यांची जपानी कार्टून (अ‍ॅनिमे) मालिका. पहिलं म्हणजे सबटायटलच्या भरवशावर राहू नका. माझ्या आजीला इंग्रजी तर सोडाच, चष्म्याशिवाय कॅलेंडरही दिसत नाही. मोबाइल गडव्याला टेकवायचा, आपण बाजूला बसायचं अन् थांबवत थांबवत वऱ्हाडीत सांगायचं. जपानात मूकपटांच्या काळी पडद्याशेजारी उभा राहून गोष्ट सांगणारा माणूस असे, त्याला ‘बेन्शी’ म्हणत. ही गोष्ट घडते तो ताइशो काळ (१९१२ ते १९२६) बेन्शींचाच. म्हणजे आपण काही वावगं करत नाही.

एपिसोड अमरावतीहून निघतानाच डाउनलोड करा. आमच्या दारव्ह्याकडच्या गावात रेंजसाठी गच्चीवर जावं लागतं.

सुरुवातीला राक्षसाचं नावच काढू नका, कोळशापासून लागा. गोष्टीतला नायक, तान्जिरो नावाचा पोरगा, कोळसा विकायला डोंगर उतरतो, परतताना अंधार पडतो, एक म्हातारा त्याला अडवतो: रात्री ओनी (राक्षस) फिरतात, इथंच थांब. इथं थांबवा. आमची आजी लगेच म्हणाली, “बरोबर सांगते थो बुढा. तिनसांजा झाल्यावर कोन जाते पांदनीनं?” झालं, तिची गाडी लागली. पुढं सकाळी घरी जे दिसतं ते भयंकर आहे, बारके पोट्टे आधीच झोपवा.

ओनी म्हणजे भूत नाही, हे लवकर सांगा. मी नाही सांगितलं, तर दोन एपिसोड ती मुंजाच शोधत होती. ओनी मेलेला नसतो. मुझान या त्यांच्या म्होरक्याच्या रक्तानं जित्या माणसाचाच होतो, माणसं खातो, उन्हात जळतो. मारायचा तर निचिरिन नावाच्या खास तलवारीनं मान उडवायची. विस्टेरियाच्या जांभळ्या फुलांजवळ तो येत नाही, हे आजीला निंबाच्या टहाळ्यावरून पटलं. तान्जिरोची बहीण नेझुको ओनी होते, तिच्या तोंडातला बांबू तर समजवावाच लागला नाही: “डवरतानी बैलाले मुसकं बांधतो तसं.”

तान्जिरोचा जोडीदार इनोसुके रानडुकराचं मुंडकं घालून येतो तेव्हा शिव्या ऐकायची तयारी ठेवा. आमची तूर डुकरांनी दोनदा उधळली आहे. दुसरा जोडीदार झेनित्सु रडायला लागला की पुढं ढकला, झोपला की थांबा; लढतो तो झोपेतच.

क्रम असा: पहिल्या सीझनचे २६ भाग, मग ‘मुगेन ट्रेन’ हा सिनेमा, मग ११, ११ अन् ८ भागांचे सीझन, शेवटी २०२५ चा ‘इन्फिनिटी कॅसल’ सिनेमा. मूळ चित्रकथेचे (मंगा) २३ खंड उजवीकडून डावीकडं वाचायचे, ते आजीला नका सांगू.

एकोणिसावा भाग मात्र जपून. तान्जिरोला बापाचा अग्निदेवापुढचा नाच आठवतो अन् त्याच पावलांची तलवार होते. “आजारी मानूस बर्फात एवढा नाचते कसा?” आजीनं विचारलं. श्वासाच्या जोरावर, म्हटलं. ती बराच वेळ गप्प, मग म्हणाली, “लाव पुढं.” त्या दिवशी मोबाइल पूर्ण चार्ज ठेवा. माझा चार टक्क्यांवर होता अन् लाइन गेली होती.