व्हर्नियर हातात दिल्यावर: डिप्लोमा मेकॅनिकलच्या पहिल्या मुलाखतीतल्या चुका

चाकण, रांजणगाव, वाळूज, अंबड. इथल्या छोट्या-मध्यम कारखान्यांत क्वालिटी ट्रेनीच्या मुलाखतीला बसलात की टेबलावर बऱ्याचदा तुमच्या बायोडेटाशेजारी एक ड्रॉइंग, एक व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं सरकत्या पट्टीचं साधन) आणि मशीनवरून आणलेला जॉब (बनवलेला भाग) असतो. मुलं ‘स्वतःबद्दल सांगा’ घोकून येतात आणि या जॉबपाशी अडकतात.

बायोडेटात ‘व्हर्नियर, मायक्रोमीटर वापरता येतो’ लिहिलं असेल तर तो हातात दिला जाणारच. पहिली चूक तिथेच होते: उचलला की लगेच माप. आधी जबडे पुसा, बंद करा, शून्याला शून्य जुळतोय का बघा. व्हर्नियरचा (सरकत्या पट्टीचा) शून्य मुख्य पट्टीच्या शून्याच्या उजवीकडे असेल तर माप तेवढं जास्त येतंय, ते वजा करायचं. समोरचा माणूस हेच बघत असतो, कारण चुकीच्या शून्यावर तपासलेला अख्खा लॉट ग्राहकाकडून परत येऊ शकतो.

मग वाचन. लीस्ट काउंट (व्हर्नियरवर वाचता येणारं सर्वांत लहान माप) ०.०२ मिमी आहे, व्हर्नियरचा शून्य २४ च्या पुढे आहे आणि १७ वी रेघ जुळलीय, तर १७ गुणिले ०.०२ म्हणजे ०.३४, माप २४.३४. घाबरलेला उमेदवार ‘२४.१७’ म्हणून मोकळा होतो. भोकाचं माप वरच्या छोट्या जबड्यांनी घ्यायचं. भोकात ते किंचित हलवून सर्वांत मोठं येईल ते धरायचं, नाहीतर व्यासाऐवजी जवळची जीवा मोजली जाते.

यानंतर बोट ड्रॉइंगवर जातं: भोकाचा व्यास २५ एच७ (एच७ म्हणजे मापात किती फरक चालेल याची खूण). “हे कशानं तपासाल?” उत्तर ‘व्हर्नियर’ आलं की बहुतेक ठिकाणी मुलाखत तिथेच संपते. २५ एच७ म्हणजे २५.००० ते २५.०२१. एकूण टॉलरन्स (चालणारा फरक) २१ मायक्रॉन (मिमीचा हजारावा भाग), आणि तुमच्या व्हर्नियरचं एक घरच २० मायक्रॉनचं. त्यानं काय ठरवणार? प्लग गेज (भोकात घालून बघायचा ठरलेल्या मापाचा दांडा) किंवा बोअर गेज (भोकाचा व्यास नेमका मोजायचं साधन) लागतो. पुढचा प्रश्न ठरलेला: गो बाजू कुठल्या मापाची? भोकाला गो (आत गेलीच पाहिजे ती बाजू) म्हणजे लहान माप, २५.०००, नो-गो (जाता कामा नये ती) २५.०२१. शाफ्टला उलट. हे पाठ करू नका, जोडणीच्या बाजूनं विचार करा: लहानात लहान मान्य भोकातही गो गेला पाहिजे.

एच७ चा आकडा आठवला नाही तर “तक्ता बघून सांगावं लागेल” म्हणा. इन्स्पेक्शनमध्ये अंदाजानं माप सांगणारा माणूस कुणालाच नको असतो, आणि अशा उत्तरानं नोकरी जात नाही.

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टवर मात्र मुलं फार नुकसान करून घेतात. चौघांत केलेल्या प्रोजेक्टमध्ये तुम्ही नेमकं काय केलं? मोटर किती आरपीएमची, शाफ्ट कुठल्या मटेरियलचा, तोच का? यातलं एकही सांगता आलं नाही तर प्रोजेक्ट विकत घेतलाय हे लगेच कळतं. फक्त ड्रॉइंग केलं असेल तर तेवढंच सांगा आणि त्यातलं प्रत्येक माप माहीत असू द्या.

इंग्रजी अडलं तर “सर, मराठीत सांगितलं तर चालेल का?” असं सरळ विचारावं. शॉप फ्लोअरवर दिवसभर मराठी-हिंदीच चालते. एटीकेटी (विषय राहून पुढच्या वर्षाला जाणं) किंवा गॅप (शिक्षणातला खंड) लपवू नका. कागदपत्रं तपासताना निघतेच.

“तिन्ही शिफ्ट चालतील?” याला नुसतं ‘हो’ पुरत नाही. कुठे राहणार, कंपनीची बस तिथून जाते का, हे आधीच बघून ठेवा.

पगाराचा आकडा ऐकून लगेच मान हलवू नका. सीटीसीत (कंपनीला तुमच्यावर होणाऱ्या एकूण खर्चात) कंपनीचा पीएफचा वाटाही धरलेला असू शकतो. समजा महिन्याचा ग्रॉस (कपातीआधीचा पगार) १८,०००, त्यात मूळ पगार आणि महागाई भत्ता १२,०००. तुमचा पीएफ १२ टक्क्यांनी १,४४०, ईएसआयसी (कामगार विमा) ०.७५ टक्क्यानं १३५, व्यवसाय कर २००. हातात १६,२२५. (महिलांना व्यवसाय कर २५,००० पर्यंत नाही.) खोलीभाडं आणि मेसचा हिशोब या आकड्यावर करा, आणि “काही विचारायचंय?” म्हटल्यावर हे विचाराच: कंपनीच्या पे-रोलवर घेणार की कंत्राटदाराच्या, ट्रेनिंग किती महिने, आणि त्यानंतर पत्र कुणाच्या लेटरहेडवर मिळणार.