घाटवाटांसाठी स्वस्त आणि दणकट जीपीएस घड्याळ कसे निवडावे

बेळगावहून जांबोटी, कणकुंबी किंवा चोर्ला घाटाच्या बाजूला पायी फिरणाऱ्यांना खानापूर तालुक्यातील जंगलात मोबाइलची रेंज किती लवकर जाते, हे वेगळे सांगायला नको. रेंज नसली तरी जीपीएस चालते, कारण त्याचे संकेत थेट उपग्रहांकडून येतात. मात्र त्यासाठी घड्याळात स्वतःचे जीपीएस असावे लागते. स्वस्त घड्याळांच्या खोक्यावर ‘जीपीएस’ ठळक छापलेले असते, पण बारीक अक्षरांत ‘कनेक्टेड’ असा शब्द असेल, तर ते घड्याळ फोनचेच जीपीएस उसने घेते आणि फोनची बॅटरी संपली की वाट नोंदवणे थांबते. ‘बिल्ट-इन जीपीएस’ असा स्पष्ट उल्लेख नसेल, तर ते घड्याळ तिथेच बाजूला ठेवावे.

त्यानंतर बॅटरी पाहावी. जाहिरातीतले ‘२० दिवस’ हे वेळ आणि संदेश पाहण्यापुरते असतात. जीपीएस सतत चालू असताना घड्याळ किती तास टिकते, हा आकडा वेगळा दिलेला असतो आणि आपल्या कामाचा तोच. दिवसभराच्या आठ तासांच्या चालीसाठी किमान पंधरा तासांचा दावा असलेले घड्याळ घ्यावे, कारण दावा प्रत्यक्षात पूर्ण उतरत नाही आणि बॅटरी वर्षागणिक क्षीण होत जाते.

दाट झाडी आणि उंच कडे यांमुळे संकेत अडतात किंवा आपटून उशिरा पोहोचतात, आणि नकाशावरची रेघ वाट सोडून भरकटते. उपग्रह-संकेतांच्या नेहमीच्या एल१ वारंवारतेसोबत एल५ ही दुसरी वारंवारताही वापरणारी ड्युअल-बँड घड्याळे अशा ठिकाणी अधिक नेमकी ठरतात, पण त्यांची किंमत चढी असते. राजहंसगडाची चढण किंवा शेतशिवारातली पायपीट एवढेच करायचे असेल, तर हा खर्च टाळता येतो.

‘मिलिटरी ग्रेड’ या शब्दांना मात्र भुलू नये. एमआयएल-एसटीडी-८१० हे अमेरिकी लष्कराचे चाचण्यांचे मानक असून, त्यांतल्या कोणत्या चाचण्या घ्यायच्या हे उत्पादक स्वतः ठरवू शकतो; त्या कोणत्या, हे लिहिलेले नसेल तर शिक्क्याला फारसा अर्थ उरत नाही. पाण्याबाबत ५ एटीएम, म्हणजे ५० मीटर खोलीएवढा स्थिर दाब सोसण्याची क्षमता, पोहण्याला आणि कणकुंबीच्या पावसालाही पुरते. पावसात खरी अडचण होते ती टचस्क्रीनची: काचेवर थेंब पडत असताना ओल्या बोटाने नोंद थांबवणे जमत नाही, उलट ती भलत्याच वेळी थांबते. म्हणून सर्व मुख्य कामे बटणांनी होतात की नाही, हे दुकानातच करून पाहावे. पट्टा नेहमीच्या पिनचा असावा, म्हणजे तुटल्यावर कोणत्याही घड्याळाच्या दुकानात बदलून मिळतो.

घड्याळ परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी त्याची परीक्षा घ्यावी. निघण्याआधी घरीच ते फोनशी जोडून उपग्रहांची ताजी माहिती भरून घ्यावी, मोकळ्या जागी उभे राहून जीपीएस मिळाल्याची खूण दिसेपर्यंत थांबावे आणि झाडीतून जाणाऱ्या एकाच पायवाटेने जाऊन परत यावे. घरी नकाशावर जातानाची आणि येतानाची रेघ जवळजवळ एकमेकींवर पडली, तर घड्याळ ठेवावे. दोन्हींत वारंवार वीस-तीस मीटरांचे अंतर दिसत असेल, तर परत करावे.