धान पिकवणाऱ्यांनी ओकायामा कसं बघावं

आमच्या गोंदिया-भंडाऱ्याकडचं कोणी जपानला निघालं की मी म्हणते, टोकियो-क्योतो बघाच, पण दोन रात्री ओकायामाला काढा. शिन-ओसाकाहून शिंकान्सेननं, म्हणजे बुलेट ट्रेननं, जेमतेम पाऊण तास.

बॅगा स्टेशनवरच्या लॉकरमध्ये टाका आणि हिगाशियामाकडे जाणारी ट्राम धरा. मागच्या दारानं चढायचं, उतरताना ड्रायव्हरजवळच्या पेटीत पैसे टाकून पुढच्या दारानं बाहेर पडायचं. सुटी नाणी जवळ असू द्या. शिरोशिताला उतरून दहा मिनिटं चाललं की काळा किल्ला येतो. 1945च्या बॉम्बहल्ल्यात जुना जळला, हा 1966चा. आतून नाही पाहिला तरी चालेल. नदीपलीकडच्या कोराकुएन बागेला मात्र भरपूर वेळ द्या. पुण्याचं पु. ल. देशपांडे उद्यान याच बागेच्या धर्तीवर आहे. 1700 साली पुरी झालेल्या या बागेत धानाची छोटी बांधी (बांध घातलेला शेताचा तुकडा) आहे, आणि लाल टाळूचे क्रौंचही पाळलेत. आपल्या सारसाचेच भाऊबंद.

दुसरा दिवस सायकलचा. किबी लाइनची छोटी डिझेल गाडी पकडून बिझेन-इचिनोमियाला उतरा. स्टेशनजवळ सायकल भाड्यानं मिळते आणि ती सोजा स्टेशनला परत देता येते. रस्ता पंधराएक किलोमीटरचा, बहुतेक सपाट. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून. एका हातात छत्री धरून सायकल चालवायला तिथं बंदी आहे, म्हणून रेनकोट घ्या.

जमलं तर जूनच्या उत्तरार्धात जा. आपल्याकडे पऱ्हे (धानाची रोपं) टाकायची घाई असते तेव्हा तिथं रोवणी (लावणी) चालू असते. ट्रेमध्ये वाढवलेले पऱ्हे यंत्र ओळीनं लावत जातं. एखाद्या धुऱ्याजवळ (बांधाजवळ) थांबून पाणी बघा. बऱ्याच बांध्यांना पाणी घ्यायचं तोंड वेगळं आणि सोडायचं वेगळं असतं. आपल्यासारखं वरच्या बांधीतून खालच्या बांधीत उतरत नाही, त्यामुळे शेजाऱ्याच्या पाण्यावर अडून राहावं लागत नाही. मला तर हे किल्ल्यापेक्षा मोलाचं वाटलं. फक्त पिकात पाय घालू नका.

वाटेत किबित्सु देवळाची लांबच लांब लाकडी पडवी आणि त्सुकुरियामाचा साडेतीनशे मीटर लांबीचा प्राचीन थडग्याचा टेकडा लागतो. टेकड्यावर चढता येतं. पुढे शेतांमधून बिच्चू कोकुबुंजी देवळाचा पाचमजली मनोरा दिसू लागला की सोजा फार दूर नाही.

शाकाहाऱ्यांनी सावध राहा. साध्या दिसणाऱ्या रश्शातही माशाचा अर्क असतो. घरचा चिवडा आणि शेंगदाण्याची चटणी सोबत असू द्या. जुलै-ऑगस्टमध्ये पांढरे पीच मिळाले तर सोडू नका, महाग असले तरी. कचरापेट्या कमी दिसतात, म्हणून एक पिशवी बाळगा.

सायकल संध्याकाळच्या आत परत करा. सोजाहून कुराशिकी गाडीनं दहाएक मिनिटांवर. कालव्याकाठची जुनी कोठारं बघून रात्री ओकायामाला परता. कुराशिकीतलं 1930 साली उघडलेलं ओहारा कलासंग्रहालय बघायचं असेल तर सोमवार टाळा आणि सकाळी लवकर निघा.