पॉडकास्टसाठी माइक आणि सॉफ्टवेअर कसे निवडावे

पॉडकास्टसाठी काय घ्यावे, असे विचारणाऱ्याच्या हाती सहसा खरेदीची लांबलचक यादी दिली जाते आणि त्या यादीत खोलीचे नावही नसते. ज्या खोलीत बोलायचे तिचा विचार न करता घेतलेला माइक कितीही महाग असला, तरी तो पैसा वायाच जातो. म्हणून आधी खोली ठरवावी. मधोमध उभे राहून जोरात टाळी वाजवावी. टाळीनंतर आवाज घुमत राहिला, तर दुसरी खोली शोधावी. गुळगुळीत फरशी आणि उघड्या भिंती असलेल्या दिवाणखान्यापेक्षा गादी, पडदे आणि कपड्यांनी भरलेले उघडे कपाट असलेली झोपण्याची खोली केव्हाही चांगली. रेकॉर्डिंग चालू असताना पंखा बंद ठेवावा.

आता माइक. या टप्प्यावर मी स्वतः बराच काळ अडखळलो आहे आणि सर्वांत जास्त चुकीचे सल्लेही इथेच मिळतात. कंडेन्सर माइक, म्हणजे बारीकसारीक आवाजही टिपणारा संवेदनशील माइक, ‘स्टुडिओसारखा’ आवाज देतो हे खरे, पण त्यासाठी खोलीही स्टुडिओसारखी लागते. घरात तो रिक्षाचा हॉर्न आणि शेजारच्या कुकरची शिट्टीही तितक्याच इमानाने टिपतो. घरी बोलणाऱ्याने कार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज टिपणारा) डायनॅमिक (कमी संवेदनशील) माइकच घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. सॅमसन क्यू2यू किंवा ऑडिओ-टेक्निका एटीआर2100एक्स या माइकना यूएसबी आणि एक्सएलआर (स्टुडिओतल्या उपकरणांची तीन पिनांची जोडणी) अशी दोन्ही जोडणी असते. त्यामुळे आज ते थेट संगणकाला लावता येतात आणि पुढे ऑडिओ इंटरफेस (एक्सएलआर माइक संगणकाला जोडणारे उपकरण) घेतला, तरी माइक बदलावा लागत नाही. शुअर एसएम7बी अनेकांच्या व्हिडिओत दिसतो म्हणून मागवू नये. तो उत्तम माइक आहे, पण त्याला सुमारे 60 डेसिबल गेन, म्हणजे माइकचा क्षीण संकेत वाढवणे, लागतो आणि तेवढा गेन देताना साधे इंटरफेस सळसळू लागतात.

तरीही केवळ डायनॅमिक माइक घेतल्याने घुमणे थांबत नाही, ते थांबते अंतरामुळे. तोंड आणि माइक यांच्यातील अंतर निम्मे केले, की थेट पोहोचणारा आवाज सुमारे 6 डेसिबलने वाढतो, आणि खोलीत घुमणारा आवाज मात्र जवळजवळ तेवढाच राहतो. माइक तोंडापासून चार बोटांवर, किंचित बाजूला आणि ओठांकडे रोखलेला असावा. समोरून बोलल्यास ‘फ’ आणि ‘भ’ उच्चारताना हवेचा झोत थेट जाळीवर आदळतो, म्हणून फोमचे टोपण किंवा पॉप फिल्टर (झोत अडवणारा पातळ पडदा) लावावाच. टेबलावरचा बुटका स्टँड माणसाला वाकायला लावतो आणि दहा मिनिटांत अंतर बदलते. त्याऐवजी टेबलाला अडकवायचा आर्म (माइक धरणारा हलता दांडा) घ्यावा.

गेन ठरवताना हळू आवाजात ‘हॅलो, हॅलो’ म्हणू नये. भागातला सर्वांत उत्साही परिच्छेद खऱ्या जोमात वाचावा आणि मीटरचे शिखर -12 ते -6 डेसिबलच्या दरम्यान राहील, असा गेन ठेवावा. मीटरच्या शून्यावर आदळून फाटलेला आवाज कोणतेही सॉफ्टवेअर पूर्ववत करीत नाही. नॉइज रिडक्शनवर (सॉफ्टवेअरने पार्श्वभूमीचा आवाज कमी करण्यावर) भिस्त ठेवणाऱ्यांनाही हेच सांगणे आहे: ते थोडे वापरले तर सळसळ कमी होते, जास्त वापरले तर बोलणारा पाण्याखाली असल्यासारखा वाटतो.

हेडफोन वायरचे आणि कान पूर्ण झाकणारे घ्यावेत. ब्लूटूथमध्ये आवाज उशिरा पोहोचतो.

सॉफ्टवेअरवर सुरुवातीला एक रुपयाही खर्च करू नये. ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंग आणि संपादनाचे सॉफ्टवेअर विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर मोफत चालते. मॅकवर गॅरेजबँडही चालेल. रेकॉर्डिंग वेव्ह (दर्जा न घटवणाऱ्या) स्वरूपात ठेवावे. पाहुणा दुसऱ्या गावी असेल, तर फोनवरचा आवाज टिपण्याऐवजी प्रत्येकाने आपापल्या यंत्रावर रेकॉर्ड करून फाइल पाठवावी, आणि सुरुवातीला दोघांनी एकदम टाळी वाजवावी, म्हणजे दोन्ही फाइली जुळवणे सोपे जाते. शेवटी ऑडॅसिटीतील लाउडनेस नॉर्मलायझेशनने पातळी -16 एलयूएफएसवर (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचे एकक) आणावी, शिखर -1 डेसिबलच्या खाली ठेवावे आणि एमपी3 काढावी.

ही फाइल इंटरनेटवर ठेवायला होस्टिंग, म्हणजे ती साठवून श्रोत्यांपर्यंत पोहोचवणारी सेवा, लागते. तेथून मिळणारा आरएसएस पत्ता (नवे भाग ज्यावरून आपोआप पोहोचतात तो दुवा) अॅपल पॉडकास्टसारख्या ठिकाणी एकदाच नोंदवावा लागतो. होस्ट निवडताना मोफत जागेपेक्षा एक गोष्ट आधी तपासावी: उद्या दुसरीकडे जायचे ठरले, तर जुना पत्ता नव्याकडे वळवण्याची सोय तो देतो का. ती नसेल, तर जमवलेले श्रोते जुन्याच पत्त्यावर राहतात.