नर्सिंगचं प्रॅक्टिकल: ट्रे लावण्यापासून नोट्सवरच्या सहीपर्यंत

इंजेक्शन देता येतं, ड्रेसिंग येतं, तरी प्रॅक्टिकलला गुण जातात. सुई टोचताना सहसा जात नाहीत. ट्रे लावताना, रुग्णाशी बोलताना आणि काम झाल्यावर आवरताना जातात. त्यामुळे तयारीचा मोठा वाटा तिथेच द्या, असं आमचं ठाम मत आहे.

मुंबईतल्या बहुतेक कॉलेजांत बीएस्सी नर्सिंगची परीक्षा नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची असते आणि जीएनएमची (नर्सिंगचा डिप्लोमा) राज्य मंडळाची. साचा ओळखीचा असतो: एक इंटर्नल (कॉलेजचा) आणि एक एक्स्टर्नल (बाहेरचा) परीक्षक, वॉर्डात केस अलॉट होते, मग हिस्टरी, तपासणी, केअर प्लॅन (रुग्णाच्या काळजीचा आराखडा), एखादी प्रोसिजर आणि व्हायव्हा (तोंडी परीक्षा). काही विषयांना स्किल लॅबमध्ये मॅनिकिनवर (सरावाच्या पुतळ्यावर) स्टेशनं लावतात आणि प्रत्येकाला ठरलेली मिनिटं मिळतात. कशाला किती गुण, हे आपल्या विषयाच्या टीचरकडून आधीच लिहून घ्या.

शेवटचे पंधरा दिवस प्रोसिजर वाचू नका, करा. ट्रे रिकामा घ्या आणि साहित्य एकेक करून, त्याचं काम मोठ्याने सांगत मांडा: मॅकिंटॉश (रबरी चादर) आणि ड्रॉ शीट (त्यावरची कापडी चादर) कशाला, किडनी ट्रे कुठल्या बाजूला, कागदी पिशवी कशासाठी. मैत्रिणीच्या हातात चेकलिस्ट द्या, पण तिने मध्ये टोकायचं नाही, चुका शेवटी सांगायच्या. प्रोसिजरच्या मध्यात "थांबा, गॉज आणते" म्हणावं लागलं की स्टराइल फील्ड (जंतुविरहित मांडलेली जागा) उघडं पडतं आणि हाताची लयही तुटते. स्टराइल ग्लोव्हज रोज एकदा तरी घाला. साइज आधी कळलेला असू दे, सहा-साडेसहाच्या हाताला साडेसातचा ग्लोव्ह बोटांच्या टोकाला लोंबतो. जर्नल आणि प्रोसिजर बुकावरच्या सह्या या पंधरा दिवसांच्या आधीच पूर्ण करून घ्या.

आदल्या रात्री पिशवीत हॉल तिकीट, आयकार्ड, स्टेथोस्कोप, पेन टॉर्च, इंचटेप, कात्री, निळं-लाल पेन आणि सेकंदकाटा असलेलं पिनचं घड्याळ ठेवा. मनगटावर घड्याळ, बांगडी, अंगठी काहीच नको. नखं कापलेली, नेलपॉलिश काढलेलं. परीक्षा पावसाळ्यात आणि सेंटर परळ किंवा शीवकडे असेल, तर हिंदमाताला पाणी तुंबणं आणि कुर्ला-शीवच्या मध्ये गाड्या रखडणं धरूनच निघा. नेहमीपेक्षा तासभर आधीची लोकल पकडा. युनिफॉर्मचा दुसरा जोड आणि मोजे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून घ्या, भिजलेल्या बुटांनी वॉर्डात उभं राहणं रुग्णालाही बरं वाटत नाही.

केस मिळाली की आधी हात धुवा, मग रुग्णाला नमस्कार करून स्वतःचं नाव सांगा. ओळख पटवताना "तुम्ही सुरेशकाका ना?" असं विचारू नका. तापाने गळालेला किंवा ऐकू कमी येणारा माणूस कशालाही "हो" म्हणतो. "काका, तुमचं पूर्ण नाव सांगा" असं विचारा आणि उत्तर केस पेपरशी व हातातल्या पट्टीशी जुळवा. गर्दीच्या वॉर्डात एकाच आडनावाचे दोघे शेजारी असतात, आणि फ्लोअर बेडचे (जमिनीवर टाकलेल्या गाद्यांचे) नंबर तर रोज बदलतात. मुंबईत रुग्ण हिंदी, भोजपुरी, गुजराती बोलणारा असू शकतो. "दर्द कब से है", "पेशाब में जलन है क्या", "पेट साफ हुआ क्या" ही साधी वाक्यं तोंडात बसलेली असू देत. कपडा सरकवण्यापूर्वी पडदा ओढा आणि परवानगी विचारा. रुग्ण "नको" म्हणाला, तर जबरदस्ती न करता एक्झामिनरना तसं सांगा.

केअर प्लॅन पुस्तकातून पाठ करून उतरवला की एक्स्टर्नलचा पहिला प्रश्न येतो: "हे या पेशंटमध्ये कुठे दिसलं?" म्हणून प्रत्येक नर्सिंग डायग्नोसिसमागे (रुग्णाच्या ओळखलेल्या अडचणीमागे) डोळ्यांनी पाहिलेला पुरावा लिहा. 'वेदना' एवढंच पुरत नाही. 'पोटावरील शस्त्रक्रियेच्या जखमेमुळे तीव्र वेदना, रुग्णाने १० पैकी ७ सांगितल्या, खोकताना पोट धरतो' असं लिहिलं की पुढचं उद्दिष्ट आपोआप मोजता येतं. श्वासाचा त्रास असेल तर तो पहिल्या क्रमांकावर, बाकी सगळं त्याच्यामागे.

आता बीपीकडे बघू. सगळ्यात सोपी वाटते आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. रुग्णाला पाच मिनिटं शांत बसवा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, एकावर एक नाहीत. दंडावरची बाही घट्ट गुंडाळू नका, हात बाहीतून काढा. हात हृदयाच्या पातळीवर आधाराने ठेवा, खाली लोंबत राहिला तर आकडा वाढतो. कफच्या आतल्या फुग्याची लांबी दंडाच्या घेराच्या सुमारे ८० टक्के हवी. लहान कफनेही बीपी खोटं वाढलेलं दिसतं. कफची खालची कड कोपराच्या घडीच्या २.५ सेंमी वर. आधी मनगटाची नाडी धरून फुगवा. समजा १२० ला नाडी लागेनाशी झाली, तर हवा पूर्ण सोडा, मिनिटभर थांबा आणि मग स्टेथो ब्रेकियल आर्टरीवर (कोपराच्या घडीतल्या धमनीवर) ठेवून १५० पर्यंत, म्हणजे ३० ने वर फुगवा. नाडीने पाहणं टाळलं, तर काही हायपरटेन्शनच्या रुग्णांमध्ये स्टेथोमध्ये ऐकू येणारा नाडीचा आवाज मध्येच काही वेळ गायब होतो, तिथे आपण त्यानंतर परत आलेल्या आवाजाचा कमी आकडाच वरचं बीपी समजून बसतो. हवा सेकंदाला २ ते ३ एमएमने सोडा. डायलवरच्या रेघा २-२ च्या असतात, तेव्हा १२५ किंवा ८३ असा विषम आकडा लिहिला की अंदाजाने लिहिलंय हे लगेच कळतं. आणि मोजताना बोलू नका, रुग्णालाही बोलू देऊ नका.

गणितं कागदावर करा, मनात नको. ५०० मिली सलाइन ४ तासांत, २० थेंबांचा सेट (१ मिलीचे २० थेंब): ५०० गुणिले २० भागिले २४० मिनिटं, म्हणजे सुमारे ४१.७, मिनिटाला ४२ थेंब. मायक्रो सेटला १ मिलीचे ६० थेंब, हे विसरलं तर उत्तर तिप्पट चुकतं. इन्सुलिनला कुपी आणि सिरिंज दोन्ही मोठ्याने वाचा. कुपी ४० युनिट प्रति मिलीची असेल तर लाल टोपीची सिरिंज, १०० ची असेल तर केशरी. ४० च्या कुपीतून १०० च्या सिरिंजने २० च्या रेघेपर्यंत भरलं, तर रुग्णाला ८ च युनिट जातात. उलट केलं, म्हणजे १०० च्या कुपीतून ४० च्या सिरिंजने त्याच रेघेपर्यंत भरलं, तर ५० जातात, आणि साखर धोकादायक खाली येऊ शकते.

ड्रेसिंगला स्वच्छ जखम मधून बाहेर पुसा, एका स्वॅबचा एकच फटका. ग्लोव्हजचा हात चादरीला लागला तर काय करायचं? लपवायचं नाही. "मॅडम, ग्लोव्ह कंटॅमिनेट झाला, बदलते" असं सरळ म्हणा आणि बदला. चूक ओळखून ती सुधारणारी विद्यार्थिनी एक्झामिनरला भरवशाची वाटते. लपवलेली चूक मात्र त्यांना हटकून दिसलेली असते.

कचरा टाकतानाही त्यांची नजर असते. सुई हातातल्या हातात परत टोपीत घालू नका. सुया आणि ब्लेड पांढऱ्या, टोचून न फुटणाऱ्या डब्यात. ग्लोव्हज, कॅथेटर, सलाइनचा सेट लाल पिशवीत. रक्त-पू लागलेलं गॉज पिवळ्या पिशवीत. औषधाच्या काचेच्या कुप्या निळ्या डब्यात.

व्हायव्हात उत्तर येत नसेल तर "माहीत नाही, सर" म्हणा. औषधाचा डोस कधीच अंदाजाने सांगू नका. इंग्रजी अडलं तर विचारून मराठीत सांगा, गप्प राहण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

प्रोसिजर झाली की रुग्णाला आरामात झोपवा, बेड खाली करा, साइड रेल वर करा, पाण्याची बाटली त्याच्या हाताशी ठेवा, मग पुन्हा हात धुवा. नोट्स तिथल्या तिथे लिहा: वेळ २४ तासांच्या पद्धतीने, जखमेचा रंग, स्राव, रुग्ण काय म्हणाला ते. चुकलं तर एक आडवी रेघ आणि शेजारी सही, व्हाइटनर नको. शेवटी सिस्टर इन्चार्जकडे जाऊन सांगा: "सिस्टर, बेड नंबर ११ च्या काकांचं ड्रेसिंग बदललंय, स्राव नाही, टाके कोरडे आहेत, १०:४० चं बीपी १३८/८४."