काठिण्यपातळीचा रकाना आयातीनंतर रिकामा येत असल्यास

इंदूरच्या आमच्या मराठी वर्गातील स्वाध्यायांची लॉम या शैक्षणिक साहित्याच्या वर्णनासाठीच्या मानकानुसार (आयईईई १४८४.१२.१, २००२) केलेली वर्णने संग्रहात आयात केली, की ५.८ हा काठिण्याचा रकाना रिकामा येई. ‘कठीण’ लिहून पाहिले, ‘४’ हा आकडाही घातला. दोन्ही वाया गेले. आठवडाभरात मी अगदी जेरीस आलो.

अखेर आधी त्या रकान्यातील ‘सोर्स’ या उपरकान्यामध्ये ‘लॉमव्ही१.०’ हे शब्दसूचीचे नाव रोमन अक्षरांत भरले, मग ‘व्हॅल्यू’ या दुसऱ्या उपरकान्यामध्ये सूचीतील पाच ठरावीक शब्दांपैकी ‘डिफिकल्ट’ हा शब्द लहान रोमन अक्षरांत लिहिला, आणि नोंद उमटली. त्यानंतर ५.६ मध्ये शिक्षणस्तर व ५.७ मध्ये ‘९-११’ हा वयोगट आवर्जून दिला, कारण मानकातील काठिण्य अपेक्षित विद्यार्थ्याच्या संदर्भातच ठरते: ‘घोडा’चे ‘घोड्याला’ करण्याचा स्वाध्याय घरी हिंदी बोलणाऱ्या नऊ वर्षांच्या मुलाला अडतो, तर चौदा वर्षांच्या त्याच्या बहिणीला सहज सुटतो.