पेरणीआधी: जिवाणूंचे पाकीट सावलीत ठेवा

पेरणी आता आठ-पंधरा दिवसांवर आली आहे. सोयाबीन, भुईमूग किंवा कडधान्य घेणार असाल तर रायझोबियमचे, म्हणजे मुळांवर गाठी धरून पिकाला हवेतला नत्र मिळवून देणाऱ्या जिवाणूंचे, संवर्धक आताच आणून ठेवा. घेताना पाकिटावर दोन गोष्टी वाचा: ते कोणत्या पिकासाठी आहे आणि वापरण्याची मुदत कधी संपते. सोयाबीनच्या मुळांवर गाठी धरणारे जिवाणू हरभऱ्याला चालत नाहीत. ज्या रानात सोयाबीन कधीच घेतलेले नाही, तिथे त्याचे जिवाणू मातीत नसण्याचीच शक्यता जास्त, म्हणून तिथे तरी बियाण्याला जिवाणू लावायची बीजप्रक्रिया चुकवू नका.

पाकीट घरात थंड, अंधाऱ्या जागी ठेवा. शेतावर नेल्यावर तर जास्त जपा. बांधावर उन्हात पडलेले पाकीट दुपारपर्यंत चांगलेच तापते आणि आतले जिवाणू मरतात. भुकटी मात्र दिसायला तशीच काळीभोर राहते, त्यामुळे आपण मेलेली भुकटी बियाण्याला चोळतो आणि ते कळतही नाही.

बियाण्याला आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि सर्वांत शेवटी जिवाणू, हा क्रम मोडू नका. एका वर्षी घाईत मी बुरशीनाशक आणि रायझोबियम एकाच बादलीत कालवले. दीड महिन्याने झाडे खणून पाहिली तर मुळे जवळजवळ बोडकी होती, गाठी नव्हत्याच. ट्रायकोडर्मा वापरणार असाल तर रासायनिक बुरशीनाशक टाळा. ट्रायकोडर्मा ही स्वतःच एक बुरशी आहे.

भुकटी चिकटावी म्हणून गुळाचे पाणी उकळून पूर्ण गार करा. दहा किलो बियाण्याला 250 ग्रॅम भुकटी पुरते; द्रवरूप संवर्धकाचे प्रमाण बाटलीवर दिलेले असते, तेच पाळा. बियाणे ताडपत्रीवर पसरून हे पाणी हाताने शिंपडा, नुसता ओलसरपणा यावा इतकेच. सोयाबीन आणि भुईमुगाची साल फार नाजूक असते. पाणी जास्त झाले किंवा जोरात चोळले की साल सुटते आणि उगवण घटते. मग भुकटी टाकून बियाणे तळहातांवर अलगद वरखाली करा, प्रत्येक दाण्यावर काळसर थर दिसला की थांबा. सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरा. स्फुरद विरघळवणारे जिवाणूही याच वेळी लावता येतात.

हे जिवाणू नेमके काय करतात, हे हेलरीगेल आणि विल्फार्थ या जर्मन संशोधकांनी 1886 साली मांडले. निर्जंतुक वाळूतला वाटाणा नत्राविना खुरटत होता. त्याच वाळूत शेतातल्या मातीचे थोडे पाणी घातले की तो जोमाने वाढे. दोनच वर्षांनी डच संशोधक बायेरिंक यांनी गाठीतले जिवाणू वेगळे काढून वाढवले. पाकिटे येण्याआधी शेतकरी जुन्या रानातली माती नव्या रानात नेऊन टाकत. रानच्या रान पुरेल एवढी माती वाहून न्यायचे ते काम आज एका पाकिटात होते, म्हणून मला त्याची एवढी काळजी वाटते.

पेरताना युरियाचा हात आखडता ठेवा. मातीत आयता नत्र भरपूर मिळाला की झाड गाठी धरायचे टाळते.

पीक फुलोऱ्याला आले की चार-पाच ठिकाणची झाडे खुरप्याने मातीसकट काढा. उपटली तर गाठी मातीतच राहतात. मुळे हलकेच धुऊन एक गाठ नखाने फोडा. आत लालसर-गुलाबी रंग दिसला तर नत्र धरण्याचे काम चालू आहे. हा रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचाच भाऊबंद. नत्र धरणाऱ्या विकराला (एन्झाइमला) ऑक्सिजन सोसत नाही, म्हणून हे द्रव्य ऑक्सिजन बांधून ठेवते आणि जिवाणूंना लागेल तेवढाच पुरवते. हिरवट किंवा राखाडी गाठी कामातून गेलेल्या असतात.

आणि एक ओळख पक्की करून घ्या. रायझोबियमची गाठ मुळाच्या बाजूला चिकटलेली असते, बोटाने सहज निघते. मूळच जागोजाग फुगले असेल आणि फुगवटा निघत नसेल, तर ती सूत्रकृमींची, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या सूक्ष्म कृमींची, लागण आहे. त्या रानात पुढच्या हंगामात पीक बदला.